सरावाच्या खोलीतले काका

मी एक जुना रोगी आहे. बावन्न वर्षे अंथरुणावर काढली. एवढ्या काळात मी बरा झालो नाही आणि दगावलोही नाही. मित्रांनो, दचकू नका. मी कापडाचा आहे. नर्सिंग शिकणाऱ्या मुली ज्या बाहुल्यावर हात बसवतात, तो बाहुला मी. सगळे मला काका म्हणतात.

माझ्यात भुसा, चिंध्या आणि वाळू आहे. त्यामुळे मला आनंद झाला, मला वाईट वाटले, असे काही मी म्हणणार नाही. जे माझ्यासमोर घडले आणि जे माझ्या उशाशी बसून कोणी बोलले, तेवढेच सांगतो. बावन्न वर्षांत या कॉलेजात बरेच काही बदलले. माझ्यापुरता प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून एकच होता. मला हात लावण्याआधी मला सांगायचे की नाही?

तेव्हा हे कॉलेज नव्हतेच. रुग्णालयाच्या धोबीखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे मोडकी स्ट्रेचर टाकलेली असत. मेट्रनबाईंनी ती खोली रिकामी करून घेतली, एका भिंतीला काळा रंग लावून तिचाच फळा केला आणि सहा मुलींचा वर्ग सुरू केला. पुस्तक एकच होते आणि ते मेट्रनबाईंच्या हातात असे. मुली सकाळी वॉर्डात राबत आणि दुपारी वर्गात बसत. धोबीखान्यातली वाफ खिडकीतून आत आली की फळ्यावरची अक्षरे ओघळू लागत. मग मेट्रनबाई तोंडी शिकवत.

वर्गाला पलंग मिळाला, पण त्यावर निजवायला कोणी नव्हते. मुली आळीपाळीने एकमेकींना निजवत.

"निजलेली मुलगी खिदळते," मेट्रनबाई म्हणाल्या, "आणि कूस बदलायला हात लावायच्या आत स्वतःच वळते. इतका गुणी रोगी वॉर्डात भेटणार आहे का?"

म्हणून त्यांनी रुग्णालयाच्या शिंप्याला बोलावले. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट, मुलींचे गणवेश, सगळे तो शिवायचा. वय पंचविशीचे, पण गळ्यात कायम टेप, म्हणून थोरमोठेही त्याला मास्तर म्हणत. मास्तरांनी गादीचे पट्ट्यापट्ट्यांचे कापड घेऊन मला बेतले आणि आत कापूस भरला. मेट्रनबाईंनी मला एका हाताने उचलून पाहिले.

"मास्तर, हा माणूस आहे की उशी?"

"माणूसच आहे, बाई. जरा हडकुळा आहे."

"उद्या माझ्या मुली खरा माणूस उचलायला जातील आणि कंबर धरून बसतील. वजन घाला."

मास्तरांनी मला उसवले, कापूस काढून भुसा भरला, कमरेत आणि मांड्यांत वाळूच्या पिशव्या घातल्या. त्यानंतर मला हलवायला दोघी लागू लागल्या. मग त्यांनी काळ्या दोऱ्याने डोळे, नाक आणि तोंड काढले आणि मला पुन्हा मेट्रनबाईंसमोर आणले.

"कान कुठे आहेत?"

"याला काय ऐकायचंय, बाई?"

"सगळ्यात आधी तेच. कान लावा."

गणवेशांच्या कॉलरचे निळे कापड उरले होते. त्याचे दोन कान झाले. डावा जरा मोठा झाला. मास्तर म्हणाले, झोपून झोपून उजवा दबला असेल. मेट्रनबाईंनी ते चालवून घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाला एक नियम सांगितला. रोग्याला हात लावायच्या आधी आपण काय करणार आहोत ते त्याला सांगायचे. मग मनात एक, दोन, तीन मोजायचे. मग हात लावायचा. रोगी जागा असो, झोपलेला असो, शुद्धीवर असो वा नसो. सहाही मुली हसल्या. बाहुल्याला सांगायचे म्हणजे काय? मेट्रनबाई हसल्या नाहीत. जी सांगायला विसरे तिला त्या अंथरलेली चादर काढून पहिल्यापासून अंथरायला लावत. आठवड्याभरात हसणे थांबले. "काका, मी तुमची कूस बदलते. डावीकडे." असे दिवसातून तीस-चाळीस वेळा माझ्या कानावर पडू लागले.

सहांपैकी पाच मुलींना ते जमले. सहावीला जमेना.

हिचे हात वर्गात सगळ्यांत चांगले होते. चादरीचा कोपरा ती असा मोडी की मास्तरसुद्धा पाहत राहत. पण ती बोलताना अडखळत असे. 'काका' म्हणायला गेली की पहिल्याच अक्षरावर जीभ रुतून बसे. मान ताणली जाई, डोळे मिटले जात. बाकीच्या तिला फटफटी म्हणत. सुरू होईपर्यंत दहा लाथा माराव्या लागतात म्हणून.

"अगं, काका एकच आहेत," एकीने विचारले, "तू दहा कशाला बोलावतेस?"

फटफटीसुद्धा त्यांच्याबरोबर हसली. संध्याकाळी मात्र तिने मेट्रनबाईंसमोर कागद ठेवला. त्यावर लिहिले होते, 'मी सर्व कामे करीन. कृपया बोलण्यातून सूट द्यावी.'

मेट्रनबाईंनी कागद वाचून परत दिला. "सूट मला देता येणार नाही. द्यायची असेल तर रोग्याने द्यावी. विचार त्याला." आणि त्यांनी माझ्याकडे बोट केले.

वर्षाखेरीस बाहेरच्या परीक्षक बाई येणार होत्या. त्यांच्यासमोर रोग्याशी बोलता आले नाही तर फटफटीला घरी परत जावे लागणार होते. म्हणून ती रोज जेवणाच्या सुट्टीत एकटी माझ्याजवळ येऊन उभी राही. "का... का..." मग गप्प. पुन्हा "का..." मी ऐकत होतो. दुसरे काही करणे माझ्या हातात नव्हते.

एकटी म्हणालो, पण ती अगदी एकटी नसे. मुली मला नेहमी डावीकडे वळवत, त्यामुळे माझी डावी कूस सारखी उसवे आणि भुसा सांडे. ती शिवायला मास्तरही त्याच सुट्टीत येत. पहिले आठ दिवस त्यांनी मान वर केली नाही. नवव्या दिवशी दोरा ओवता ओवता म्हणाले, "सिस्टर, एक सांगू का? माझं मशीन नुसत्या पायाने सुरू केलं तर कधी कधी उलटं फिरतं आणि दोरा तुटतो. म्हणून मी आधी चाकाला हाताने जरा धक्का देतो. मग पाय. तुम्ही पण आधी हाताने काहीतरी करून बघा."

फटफटी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने पलंगाच्या लोखंडी दांडीवर बोटाने दोनदा टकटक केले आणि म्हणाली, "काका, मी तुमची कूस बदलते."

एका दमात नाही. मध्ये दोनदा थांबली. पण वाक्य पुरे झाले. मास्तरांनी सुई कापडात तशीच ठेवली आणि म्हणाले, "चाललं की मशीन."

परीक्षेच्या दिवशी ती माझ्यासमोर उभी राहिली आणि टकटक करायलाच विसरली. पहिल्या अक्षरावर अडली. खोलीत सहा मुली, मेट्रनबाई आणि परीक्षक बाई. परीक्षक बाईंनी घड्याळ पाहिले. मेट्रनबाई शांतपणे म्हणाल्या, "रोगी थांबलाय. आपणही थांबू." मग फटफटीचा हात दांडीकडे गेला. टक, टक. पुढचे सगळे नीट झाले. परीक्षक बाईंनी विचारले, "हे ठोकायचं कशासाठी?" मेट्रनबाईंनी पापणीही न लववता उत्तर दिले, "आमची पद्धत आहे ती. बोलण्याआधी रोग्याला जागं करतो."

एकदा असे सांगून बसल्यावर ती पद्धत सगळ्यांना पाळावी लागली. पुढच्या वर्षी आलेल्या बारा मुलींना ती पहिल्याच दिवशी शिकवली गेली. त्यांना ती जगभर चालते असे वाटले.

मित्रांनो, आता पुढची चाळीस वर्षे मी भराभर सांगतो, कारण पलंगावरून ती सारखीच दिसतात. सहाच्या बारा झाल्या, बाराच्या तीस. दीड वर्षाचा अभ्यास तीन वर्षांचा झाला. धोबीखान्यामागची खोली जाऊन दुमजली इमारत आली आणि मला वरच्या मजल्यावर खिडकीजवळ जागा मिळाली. वसतिगृह झाले. पुस्तकांची दोन कपाटे आली, मग वाचनालय आले. मुलींच्या डोक्यावरच्या टोप्या गेल्या. एका वर्षी वर्गात चार मुलगेही आले. त्यांना ब्रदर म्हणत. त्यांच्यातल्या एका दांडगट ब्रदरने मला एकट्याने उचलून दाखवले आणि आठ दिवस पाठ शेकत बसला. मेट्रनबाई निवृत्त झाल्या आणि काही वर्षांनी वारल्या. त्यांचा फोटो जिन्यात लागला.

फटफटी शिकवू लागली. अडखळणे पूर्ण गेले नाही, पण वर्गात कोणी हसत नसे, कारण ती कोणावर ओरडत नसे आणि कोणाचे चुकलेले सोडतही नसे. पुढे ती या कॉलेजची मुख्य झाली. तोवर फटफटी हे नाव मागे पडले होते. सगळे मोठ्या मॅडम म्हणत. एकदा एका मुलीने त्यांना विचारले, "मॅडम, ही टकटक कोणी काढली?" त्या म्हणाल्या, "होती एक. बोलायला आळशी होती."

मास्तर मला शिवायला येतच राहिले. एक दिवस फटफटीशी बोलताना त्यांच्या तोंडचे 'अहो सिस्टर' जाऊन 'अगं' आले. लग्न झाले असणार, असे मी ताडले. मला हात लावण्याआधी सगळे कॉलेज मला सांगत असे. एकटे मास्तर सांगत नसत. येऊन बसले की थेट सुई.

"अहो, सांगा तरी त्यांना," मोठ्या मॅडम म्हणत.

"मीच शिवलंय याला. बापाने पोराला काय सांगायचं?"

"सुई खुपसायची असेल तर बापानेही सांगावं."

मास्तर हसत आणि सुई खुपसत. हे संभाषण मी निदान शंभर वेळा ऐकले असेल. त्यांना मूलबाळ नव्हते.

मोठ्या मॅडम निवृत्त झाल्या. मास्तरही थांबले. त्यानंतर कॉलेजला पदवीचा अभ्यासक्रम मिळाला. काचेचे दरवाजे आले, थंड हवेची यंत्रे आली, आणि एका लांब पेटीतून नवा रोगी आला. मी त्याला नावे ठेवणार नाही. तो श्वास घेतो. त्याच्या मनगटाला नाडी लागते. डोळे उघडतो, मिटतो, आणि बटण दाबले की 'छातीत दुखतंय' म्हणतो. मला यातले काही येत नाही. पण त्याच्या पलंगाला बारीक तारा होत्या, आणि दांडीवर टकटक केले की पडद्यावर नाडीची रेघ उडालेली दिसे. यंत्र बसवायला आलेला माणूस म्हणाला, "पलंगावर ठोकू नका." मुलींनी ठोकणे थांबवले. टकटक गेली तसे सांगणेही गेले, कारण दोन्ही एकत्रच शिकवले जात होते. नव्या छापील वहीत पहिली पायरी हात धुण्याची होती, दुसरी मनगटावरची नावाची पट्टी वाचण्याची. ती पद्धत बंद करा, असे कोणी म्हणाले नव्हते. कोणाच्या लक्षातही आले नाही.

मी जिन्याखालच्या खोलीत गेलो. तिथे एक सांगाडा होता, मोडके वजनकाटे होते आणि उंदीर होते. उंदरांनी माझा उजवा कान नेला आणि डावा अर्धा खाल्ला. चेहऱ्याचे दोरे विरून गेले. सात वर्षांनी कॉलेजच्या तपासणीआधी एक कारकून भंगाराची यादी करायला आला. त्याने मला पायाने ढकलून पाहिले, मोबाइलच्या उजेडात दोन्ही बाजूंनी निरखले आणि लिहिले, 'गादी, फाटकी, एक.' त्याचे काही चुकले नाही. कानांशिवाय मी गादीसारखाच दिसतो. शनिवारी गाडी येणार होती.

ती यायच्या दोन दिवस आधी दुपारी दार उघडले. प्रिन्सिपल मॅडम होत्या आणि त्यांच्या मागे मास्तर. प्रिन्सिपल मॅडम याच कॉलेजात माझ्यावरच शिकलेल्या. मास्तर पार वाकले होते. गळ्यात टेप नव्हती.

"मास्तर, मी आज नोटीस काढते," प्रिन्सिपल मॅडम म्हणत होत्या. "सगळ्या मुलींना सही करायला लावते."

"नोटीस वाचून हात शिकत नाहीत, मॅडम. तुम्हाला कोणी नोटीस दिली होती का?"

प्रिन्सिपल मॅडम खोलीत शिरल्या. त्यांनी सांगाडा बाजूला केला. मी दिसलो.

काय झाले होते ते मला त्यानंतरच्या तासाभरात कळले. मोठ्या मॅडमना अर्धांगाचा झटका आला होता. अकरा दिवस त्या रुग्णालयाच्या वॉर्डात डोळे मिटून पडल्या होत्या. बोलणे नाही, खूण नाही. डोक्याशी लावलेल्या कागदावर 'प्रतिसाद नाही' असे लिहिले होते. दर दोन तासांनी पहिल्या वर्षाच्या मुली येत आणि त्यांची कूस बदलत. काम चोख करत. पण न सांगता. अचानक चार हात अंगावर पडले की मॅडमचे सगळे शरीर ताठ होई, खांदा वर येई, आणि मग पुष्कळ वेळ तो खाली जात नसे. मास्तर शेजारी स्टुलावर बसून हे अकरा दिवस पाहत होते. शेवटी त्यांनी एका मुलीला म्हटले, "बाळा, जरा सांगून हात लाव तिला."

मुलगी गुणी होती. हळू आवाजात म्हणाली, "आजोबा, त्यांना कळत नाही. तुम्ही त्रास करून घेऊ नका."

मास्तर तडक उठून कॉलेजात आले होते.

मला वरच्या मजल्यावर नेले आणि साध्या लोखंडी पलंगावर निजवले. पहिल्या वर्षाच्या चाळीस मुली भोवती उभ्या राहिल्या. ती गुणी मुलगीही होती. मास्तरांना भाषण येत नव्हते. त्यांनी फक्त फटफटीची गोष्ट सांगितली. ती दहा काका बोलावायची, दांडीवर टकटक करायची, परीक्षक बाई घड्याळ बघत होत्या, सगळे. मुली हसल्या. मग एकीने विचारले, "त्या आता कुठे असतात?"

"वॉर्डात. खिडकीपासून तिसरा पलंग. तुम्ही सकाळी त्यांची कूस बदललीत."

त्यानंतर कोणी हसले नाही. गुणी मुलगी पुढे आली. तिने दांडीवर दोनदा टकटक केले. "काका, मी तुमची कूस बदलते. डावीकडे." आणि थांबली. प्रिन्सिपल मॅडम भिंतीशी उभ्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन.

संध्याकाळपर्यंत चाळीस जणींनी मला वळवले. डाव्या कुशीतून ओंजळभर भुसा सांडला. मास्तर जायला निघाले तेव्हा प्रिन्सिपल मॅडम म्हणाल्या, "यांचे कान राहिलेत."

"येतो परत. आत्ता तिच्याकडे जातो."

पुढचे मी पाहिलेले नाही. गुणी मुलगी दुसऱ्या दिवशी सरावाला आली तेव्हा मैत्रिणीला सांगत होती, ते माझ्या कानावर पडले. तिने सकाळी खिडकीपासूनच्या तिसऱ्या पलंगावर टकटक केली. "आजी, मी तुमची कूस बदलते. उजवीकडे." तीन मोजले. हात लावला. खांदा वर आला नाही. एवढेच झाले. डोळे उघडले नाहीत, बोट हलले नाही. "खांदा वर आला नाही गं," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. कागदावर तेव्हाही 'प्रतिसाद नाही' असेच होते. तिने कोणाला न विचारता त्याखाली पेन्सिलीने लिहिले, 'सांगितल्यास शांत राहतात.'

मोठ्या मॅडम आणखी चार दिवस होत्या. त्या चार दिवसांत त्यांना कोणी न सांगता हात लावला नाही. त्या गेल्यानंतर अंग पुसतानासुद्धा मुलींनी सांगूनच पुसले.

मित्रांनो, आता मी पुन्हा वर असतो. नव्या मुली पहिला महिना माझ्याजवळ काढतात, मग त्या श्वास घेणाऱ्या रोग्याकडे जातात. माझ्या आयुष्यात याहून मोठे काही घडलेले नाही. तुमच्या घरीही केव्हातरी कोणी अंथरुणाला खिळेल. डोळे मिटलेले असतील. तुम्ही मायेनेच उशी सारखी करायला जाल, पांघरूण ओढायला जाल. माया असली तरी आधी सांगा, आणि तीन मोजा. उत्तर येणार नाही. तरी मोजा.

माझे कान तेवढे सांगायचे राहिले.

मोठ्या मॅडम गेल्यावर सोळा दिवसांनी मास्तर आले. हातात कापडी पिशवी होती. तीत सुईदोरा, अंगुस्तान आणि निळ्या कापडाचे दोन तुकडे. कापड धुऊन धुऊन मऊ झालेले, कॉलरचे होते. ते कोणाच्या गणवेशाचे, हे प्रिन्सिपल मॅडमनी विचारले नाही. त्या दार लोटून निघून गेल्या. मास्तरांनी स्टूल ओढले, चष्मा पुसला आणि चौथ्या खेपेला दोरा ओवला. दोन्ही तुकडे मांडीवर ठेवून मापले. या वेळी दोन्ही सारखे होते.

मग त्यांनी सुई उचलली, माझ्या डोक्याजवळ आणली आणि तिथेच थांबले. खाली ठेवली. अंगुस्तान घातलेल्या बोटाने पलंगाच्या दांडीवर दोनदा टकटक केले.

"काका, सुई लावतो," मास्तर म्हणाले. "आधी डावा कान."

आणि त्यांनी तीन मोजले.